दुसरी फाक कुठं आहे, नत्थूजी?

माझ्या दाराची बेल वाजली आणि समोरच्या माणसाच्या हातातली पिशवी जडपणे खाली लोंबत असली, की मी आधी पिशवीकडे बघते, मग चपलांकडे, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. पिशवीत दगड असतो. चपलांना लागलेल्या मातीवरून तो कुठल्या बाजूचा असेल याचा अंदाज येतो. तोंडावरून काहीही कळत नाही. दगड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर एकच भाव असतो, आपल्याला डायनोसॉर सापडला असा.

नंदनवनातल्या आमच्या गल्लीत मला ‘दगडवाल्या बाई’ म्हणतात. कॉलेजात मुलं माझ्या मागं ‘फौजदारीण’ म्हणायची. मला दोन्ही नावं चालतात. नोकरीभर मी भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत दगड ओळखायला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून रविवारी हौशी लोकांना घेऊन नाले पालथे घालायला लागले. आमच्यात बँकेतले आहेत, दवाखान्यातले आहेत, एक शिंपी आहे, दोन आजीबाई आहेत. हातोडी, छिन्नी, पाण्याची बाटली, जुनी वर्तमानपत्रं आणि दशम्यांचा डबा एवढ्यावर आमचं संशोधन चालतं.

नागपूरच्या माणसाला वाटतं, आपल्याकडं संत्री आणि ऊन सोडून काय आहे? अहो, आपल्या पायाखाली काय नाही ते विचारा! कन्हानच्या बाजूला कोळशाच्या सोबतीनं येणारा मऊ, पापुद्र्यांचा दगड आहे. त्याला शेल म्हणतात. त्यात पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची पानं दाबून बसलीत, वहीत ठेवलेल्या पिंपळपानासारखी. शहराच्या आजूबाजूला काळा दगड आहे, आणि त्याच्या थरांमध्ये जुन्या तळ्यांतल्या गोगलगायी सापडतात. पार वरोऱ्याकडं गेलात तर खरोखरीच्या डायनोसॉरची हाडं. हे सगळं नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात थोडं थोडं उघडं करतं, आणि आपण त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या टाकतो.

पण या कामात पहिली गोष्ट शिकायची ती संशय. कारण निसर्ग स्वतःच पक्का लबाड आहे. दगडाच्या चिरेत मँगॅनीज झिरपतं आणि असं काही झाड काढतं, फांद्या, उपफांद्या, डहाळ्या, की भले भले फसतात. ते झाड नसतंच, नुसता डाग असतो. हे मी सांगितल्यावर दवाखान्यातल्या एका सिस्टर माझ्या ओट्यावर बसून रडल्या होत्या. वर्षभर त्यांनी तो दगड देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता.

बुटीबोरीच्या एका कारखान्यातले सुपरवायझर तर गाडीच्या डिक्कीतून अंडं घेऊन आले. चांगलं कलिंगडाएवढं, दुलईत गुंडाळलेलं. मी विचारलं, “दुलई कशाला?” तर म्हणाले, “आमच्या मिसेस म्हणून राहिल्या होत्या, राहू द्या, थंडीचे दिवस आहेत.” मी हातोडी घेतली आणि एक ठोका दिला. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसा तो गोळा सुटत गेला, कारण आपला काळा दगड ऊन-पावसात असाच गोल गोल सोलला जातो. आत ना पिल्लू ना बलक. साहेबांनी दुलईची घडी घातली आणि म्हणाले, “बाई, तुमी तर मारूनच टाकलं ना जी!” पुन्हा कधी आले नाहीत.

हाड ओळखायची आमची एक युक्ती आहे, ती ऐकून लोक तोंड वाकडं करतात. दगडाला जीभ लावायची. जुन्या हाडात बारीक भोकं असतात, ती ओल शोषतात आणि जिभेला चिकटतात. साधा दगड चिकटत नाही. मी आयुष्यात इतके दगड चाटलेत की आमचे हे म्हणायचे, हिच्या जेवणात मीठ कमी घातलं तरी चालतं. वरोऱ्याकडचा एक दगड असाच चाटून पाहिला, तर ते हाड नव्हतं, डायनोसॉरचं शेण होतं. कोट्यवधी वर्षांचं असलं म्हणून काय झालं, शेण ते शेणच. मी घरी येऊन चार वेळा चूळ भरली.

आणि काही वेळा दगड खरा असतो, माणूस खरा असतो, तरी गोष्ट खोटी निघते. कन्हान नदीच्या पात्रात एका गृहस्थांना चक्राकार शंखाचा सुंदर जीवाश्म सापडला. समुद्रातला प्राणी! आपल्या भागात त्या काळचा समुद्रच नाही, मग हा आला कुठून? मी भिंग लावून शंखाच्या खाचा पाहिल्या. एका खाचेत पिवळट काही तरी घट्ट बसलं होतं. टाचणीनं काढून वास घेतला. अष्टगंध! अहो, तो शाळिग्राम होता. हिमालयाच्या पलीकडून कुणाच्या तरी पणजोबांनी आणलेला, पिढ्यान् पिढ्या पुजलेला, आणि मग ‘आता आमच्याच्यानं सोवळं-ओवळं होत नाही’ म्हणून नदीत सोडलेला. मी त्यांना म्हटलं, जिथून उचललात तिथं नेऊन ठेवा. त्यांनी ठेवला की नाही, याबद्दलही मला शंकाच आहे.

एवढं सगळं आधी सांगितलं ते अशासाठी, की नत्थूजींवर मी संशय घेतला तो काही त्यांच्याशी वैर होतं म्हणून नव्हे.

नत्थूजी पाचपावलीकडचे. घराण्याचा धंदा हातमागाचा. जवानीभर त्यांनी नागपुरी लुगडी विणली. माग बंद पडले तेव्हा बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत चौकीदार झाले. आत यंत्रं कापड विणत असताना हे बाहेर खुर्ची टाकून बसायचे. तिथं रस्त्यासाठी पडलेल्या गिट्टीच्या ढिगात त्यांना दगडातली गोगलगाय दिसली, आणि तेव्हापासून हे वेड लागलं. आमच्यात पहिल्यांदा आले त्या दिवशी नाव सांगायच्या आधी त्यांनी माझ्या साडीचा पदर चिमटीत धरला, अंगठा जिभेवर ओला केला आणि काठावर घासून पाहिला. अंगठा लालसर झाला.

“बाई, रंग कच्चा हाये,” म्हणाले. “पहिल्याच धुन्यात जाईन.”

मला राग आला. अनोळखी बाईचा पदर असा धरतात का? पण साडी धुतली आणि बादलीभर पाणी लाल झालं. माणूस आपल्यासारखाच संशयी आहे, एवढं मी मनात नोंदवलं.

एकदा मी सगळ्यांना आमच्या कॉलेजचं छोटं संग्रहालय दाखवायला नेलं. नत्थूजी दगड कमी आणि दगडांखालच्या चिठ्ठ्या जास्त वाचत होते. नाव काय, कुठं मिळालं, आणि शेवटच्या ओळीत, कुणाला मिळालं.

“हे खालचं नाव कोनाचं जी?”

“ज्याला सापडला त्याचं.”

“अन् तो मेला तरी राह्यते?”

“राहतं की. दगड आहे तोवर राहतं.”

ते वाकून पुढची चिठ्ठी वाचायला लागले. मग म्हणाले, “जन्मभर लुगडी इनली, बाई. कोनी इचारलं, लुगडं कोनाचं, तर लोक शेटचं नाव सांगत. माह्या घरची बाई माह्याच हातचं लुगडं नेसे, तिलेबी शेजारनी म्हनत, अमक्या शेटचं दिसून राह्यलं वं. माहं नाव कुठंच नाई.”

त्या दिवसापासून त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. एका चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत आपलं नाव. आणि माणसाला काय हवं आहे ते कळलं, की तो ते मिळवायला काय करू शकेल याचा विचार माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतो. त्याला माझा इलाज नाही.

पाऊस उघडला होता. नवरात्र संपत आलं होतं. रविवार नसताना नत्थूजी एकटेच आले, दुपट्ट्यात गुंडाळलेला शेलचा एक तुकडा घेऊन. त्यांनी गाठ सोडली आणि मी चष्मा पुसून पुन्हा घातला. जिभेच्या आकाराचं लांबट पान, मधोमध शीर, दोन्ही बाजूंना नसांचं जाळं. असली पानं आम्हाला पुष्कळ मिळतात. पण या पानाच्या शिरेतून एक नाजूक देठ निघाला होता, आणि देठाच्या टोकाला नखाएवढं फळ होतं. या झाडाची फळं मिळतात ती सुटी. कुठलं फळ कुठल्या पानाचं, यावर आमच्यातली शहाणी माणसं आयुष्यभर भांडतात. पानाला जोडलेलं फळ क्वचितच कुणाच्या नशिबी येतं.

माझ्या हातांना घाम सुटला. आनंदानं हात घामेजले की मी लगेच सावध होते. लबाड माणूस तुम्हाला नेमकं तेच आणून देतो, जे तुम्हाला हवं असतं.

भिंगाखाली धरलं तर दगडावर एक बारीक चकाकी होती. शेलला चकाकी नसते. काही तरी फासलेलं होतं.

“कुठं मिळालं?”

“कन्हानच्या पल्ल्याडचा नाला. आपन मागं गेलतो तिथंच, थोडं वरच्या अंगाले.”

“आणि दुसरी फाक?”

हे जरा सांगायला हवं. शेल फोडला की तो शिंपल्यासारखा दोन फाकांत उघडतो. एका फाकेवर पान उठलेलं असतं, दुसरीवर त्याच पानाचा खोलगट ठसा. दोन्ही फाका एकमेकींवर बसल्या पाहिजेत. कुणी एका फाकेवर दुसरीकडचं फळ आणून चिकटवू शकतो, पण दुसऱ्या फाकेत तंतोतंत तसाच खड्डा पाडणं माणसाच्या हाताला जमत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे, दोन्ही फाका आणायच्या. नत्थूजींना तो पाठ होता.

“हाये,” ते म्हणाले.

“हाये तर आणली काहून नाही?”

ते दुपट्ट्याची गाठ बांधत, सोडत राहिले. “ते नका इचारू, बाई.”

झालं! कुठं तरी पाणी मुरत होतं.

मी तो तुकडा संग्रहालयाचं काम बघणाऱ्या दाभाडे सरांकडे नेला. दाभाडे सर माझ्याच हाताखाली शिकलेले, म्हणजे संशयाच्या बाबतीत पक्के. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, चकाकीच्या कडेवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला, आणि आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. थेंब निळा-काळा झाला. आयोडीन पिठूळ पदार्थावर असं निळं पडतं. म्हणजे तांदळाची किंवा कणकेची खळ. आणि खळीनं माणूस काय करतो? चिकटवतो.

“पान खरं, फळही खरं,” दाभाडे सर म्हणाले. “मधला देठ मात्र तुमच्या नत्थूजींचा.”

“धुवून बघायचं का?”

“धुतलं तर पानावरचा कोळशाचा पातळ थर खळीसोबत निघून येईल. खरं असेल तर कायमचं बिघडेल. मॅडम, दुसरी फाक आणा, नाही तर हा तुकडा संशयितांच्या खणात. आणि तिथून कुणी बाहेर येत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. तो खण मीच सुरू केला होता.

बातमी आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी पोचवली कोण जाणे. दाभाडे सरांनी मदतीला आमच्यातल्याच एकाला बोलावलं होतं, त्यानंच केलं असणार असा माझा कयास. बँकेतल्या साहेबांनी तुकड्याचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘नत्थूजींनी पान वाढलं, भातही लावला, आता वरण कोण आणतं?’ त्यावर हसऱ्या तोंडांची रांग लागली. संध्याकाळी त्याच रांगेखाली ओळ आली, नत्थूजी ग्रुपमधून बाहेर पडले. मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. मला चांगलंच झोंबलं. पण झोंबलं म्हणून मी तपास सोडत नाही.

मी न कळवता त्यांच्या घरी गेले. आधी कळवलं की माणूस घर आवरतो, हा माझा अनुभव आहे.

दार त्यांच्या घरच्यांनी, यमुनाबाईंनी उघडलं. आत पडवीत खाटेवर वर्तमानपत्र अंथरून शेलचे तुकडे ओळीनं वाळत घातले होते. सगळे चकाकत होते. शेजारी पातेलं, पातेल्यात पांढरं पातळ काही, आणि त्यावर आडवा ठेवलेला लांब केसांचा कुंचा. म्हणजे रंगे हाथ! नत्थूजी आतून बंडीवर आले आणि मला बघून तिथंच थबकले.

“हे काय आहे?” मी पातेल्याकडे बोट केलं.

उत्तर यमुनाबाईंनी दिलं. “खळ हाये जी. आता सांगा तुमीच यायले काही! माग गेला, पर पांजनी नाई सुटली. लोक सुताले खळ पाजतेत, हे दगडाले पाजून राह्यले. घरचा तांदूळ याच्यातच चाल्ला.”

मी नत्थूजींकडे बघितलं. ते खाली बघत बोलायला लागले. “तो दगड वाळला का त्याचे पापुद्रे सुटतेत, बाई. चार रोजात भुगा. पह्यलं पान गेलं असंच. सूतबी कोरडं असलं का मागावर तुटते. त्याले खळ पाजली का तुटत नाई. मले वाटलं, यालेबी पाजून पाहू.”

म्हणजे चिकटवायला नाही, तर तुटू नये म्हणून. विणकराचा हात, दुसरं त्याला काय सुचणार? माझा जीव थोडा भांड्यात पडला, पण तोंड काही मी तसं केलं नाही. उलट मनसोक्त झापलं. सांगितलं, या खळीनं नसांचं जाळं बुजतं, खळीला बुरशी येते, कसर लागते, झुरळं येऊन दगड चाटतात. ओला शेल सावकाश, झाकून वाळवायचा असतो, हे शिकवलं नव्हतं का? त्यांनी ऐकून घेतलं. यमुनाबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. “मी तेच म्हनत होती! झुरळं कुठून येऊन राह्यली घरात, झुरळं कुठून येऊन राह्यली!”

“बरं, खळीचं कळलं,” मी म्हटलं. “दुसरी फाक कुठं आहे, नत्थूजी?”

ते बायकोकडे बघायला लागले.

“सांगा ना आता,” यमुनाबाई म्हणाल्या. “त्या बाई काय मारतेत काय तुमाले?”

“नाल्यातच हाये,” नत्थूजी म्हणाले. “जिथून काढलं तिथंच परत बसवली. वर बाभळीच्या मुळाले पिवळं सूत बांधून ठेवलं, निशानी म्हनून.”

“काहून?”

“लुगडं कापलं तरी चार बोटं ताना, उभं सूत, मागावर ठेवा लागते, बाई. नवा ताना त्यालेच जोडतेत. सारंच कापून घेतलं, माग नागवा केला, तर घरातलं काम थांबते म्हनतेत. माह्या बापानं कधी नाई केला. मले वाटलं, जिथून येवढं मोठं निंघालं, तिथं सारंच खरडून कसं आनावं?”

“अहो, नाला म्हणजे काय माग आहे?”

“आता मले काय मालूम. पर तुमाले सांगतलं असतं तर तुमी हासल्या असत्या. नाई तर रागावल्या असत्या.”

मी दोन्ही केलं असतं हे खरं. पण ती गोष्ट इतकी सुंदर होती, की माझा संशय पुन्हा जागा झाला. बापाची आठवण, मागाचा रिवाज, बाभळीला सूत! खोटं बोलणारा माणूस नेहमी छान गोष्ट सांगतो, खऱ्या माणसाला धड दोन वाक्यं जमत नाहीत. मी यांना उद्यापर्यंत वेळ दिला तर हे पहाटे जाऊन तिथं काहीही पुरून येतील.

“चपला घाला,” मी म्हटलं. “आत्ताच जायचं.”

“जेवून तरी जा, माय!” यमुनाबाई म्हणाल्या. मी ऐकलं नाही. त्यांनी धावपळीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. मी दाभाडे सरांना फोन करून गाडी, तो तुकडा आणि आयोडीनची बाटली घेऊन बोलावलं, साक्षीदार म्हणून. वाटेत नत्थूजींचा मोबाइल मी माझ्या पर्समध्ये ठेवला. त्यांनी मुकाट्यानं दिला.

नाल्यावर पोचलो आणि नत्थूजींच्या तोंडचं पाणी पळालं. काठच खाली आला होता. कुणी तरी मुरूम काढायला यंत्र लावलं होतं, वरून परतीचा पाऊस, आणि दरड बाभळीसकट घसरून नाल्यात आडवी पडली होती. चिखल, मुळं, शेलच्या चुऱ्याचे ढीग.

“इथंच होती,” ते म्हणाले. “इथंच, हे... इथं तर काहीच नाई राह्यलं.”

दाभाडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. पुरावा वाहून गेला, किती सोयीचं!

नत्थूजी दोन्ही हातांनी चिखल उपसायला लागले. मी त्यांची पिशवी दूर ठेवायला लावली होती, आणि माझी नजर त्यांच्या हातांवरून हलली नाही. खिशात तर जात नाहीत ना? बाहीत काही नाही ना? सत्तरीच्या आसपासचा माणूस गुडघाभर गाळात उभा राहून एकेक पापुद्रा उचलत होता, पाण्यात धूत होता, बाजूला ठेवत होता, आणि मी पोलिसासारखी वर उभी. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. डोळे भरलेले दिसत होते.

“राहू द्या, बाई,” म्हणाले. “नाई लागलं नाव तर नाई. पर म्या चिकटवलं नाई. येवढं तुमी मानून घ्या.”

मानून घ्या! ज्या बाईनं आजवर काही मानून घेतलं नाही तिला हे म्हणाले. मला एकदम स्वतःचा राग आला, त्यांचा राग आला, त्या मुरूमवाल्याचा राग आला. मी साडी खोचली आणि खाली उतरले. दाभाडे सर “मॅडम, मॅडम” करत राहिले. आडवी पडलेली बाभळ नाल्याच्या खालच्या अंगाला होती, आणि नत्थूजी शोधत होते काठाशी, जुन्या जागी. मी म्हटलं, झाड गेलं तर त्याच्या मुळातली माती त्याच्याबरोबरच गेली असणार. मुळांच्या जाळ्यात हात घातला. काटे लागले. आणि बोटाला सूत लागलं. मळलेलं, पण पिवळं. मुळाला पक्की गाठ.

“तिथंच उभे राहा!” मी ओरडले. “कुणी हात लावायचा नाही!”

गाठीच्या खालची माती मीच काढली, माझ्या हातांनी. मुळांनी कवटाळून ठेवलेल्या शेलच्या थरात एक तुकडा खाचेत बसवलेला होता, वर छोटी पाचर मारून. तो अलगद बाहेर आला. ओला, मळकट, चकाकी अजिबात नाही. मी त्यावर पाणी सोडलं. पान. पानाची खोलगट शीर. शिरेतून निघालेला देठाचा चर. आणि चराच्या टोकाला नखाएवढा खड्डा.

दाभाडे सरांनी डब्यातून पहिला तुकडा काढला. दोन्ही फाका आम्ही एकमेकींवर ठेवल्या. त्या अशा मिटल्या, की मधून नख जाईना. तरी मी दुसऱ्या फाकेच्या कडेला आयोडीनचा थेंब टाकायला लावला. थेंब पिवळाच राहिला.

मी तिथंच चिखलात बसले आणि मला रडू आलं. नत्थूजींचं नाव वाचलं म्हणून, पंचवीस कोटी वर्षांनी त्या फळाला त्याचं पान मिळालं म्हणून, की नुसतीच थकले होते म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. संशय घेतला याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा असा तुकडा आला तर पुन्हा घेईन. पण त्यांचा मोबाइल काढून घेतला होता, तो परत देताना मला त्यांच्याकडे बघवेना.

“आता दोन्ही फाका नेऊ ना?” मी विचारलं.

“न्या.” त्यांनी जरा वेळ दरडीकडे पाहिलं. मग उपसलेल्या चुऱ्यातलं एक साधं, अर्धं तुटकं पान उचललं आणि उभ्या काठाच्या भेगेत खोचलं. दाभाडे सर तोंड फिरवून भाकरीचं फडकं सोडायला लागले. माणूस शास्त्राचा असला तरी मूळचा उमरेडचा, त्यांच्याही आजोबांकडे माग होता.

डिसेंबरात तो दगड काचेत लागला. खालची चिठ्ठी मी स्वतः लिहिली, काळ्या पक्क्या शाईत, कारण यंत्रातून निघालेल्या शाईवर माझा भरवसा नाही. शेवटच्या ओळीत: मिळवणारे, नत्थू गोविंदा बारापात्रे. ग्रुपमधले सगळे आले होते. बँकेतले साहेब पेढे घेऊन आले आणि ते द्यायला पुढं होत होते, माफी मात्र मागत नव्हते. नत्थूजी पांढरा सदरा घालून आले होते. यमुनाबाईंनी जुनं, काठ विरलेलं लुगडं नेसलं होतं. नत्थूजींच्याच हातचं असणार, मी विचारलं नाही.

नत्थूजींनी चिठ्ठी वाचली. एकदा, मग पुन्हा, ओठ हलवत. दगडाकडे पाहिलंही नाही.

“ही काच उघडते का जी?” त्यांनी विचारलं.

“का बरं?” दाभाडे सर म्हणाले. “हात लावायची परवानगी नसते.”

“उघडा,” मी म्हटलं.

कुलूप निघालं. नत्थूजींनी अंगठा जिभेवर ओला केला आणि आपल्या नावावर ठेवला. दाबून, सावकाश, नत्थूपासून बारापात्रेपर्यंत घासत नेला. मग अंगठा उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिला. त्यावर काही लागलं नव्हतं.

“पाह्य वं,” त्यांनी तो अंगठा यमुनाबाईंच्या पुढं धरला. “नाई निंघत.”